आपल्या डोळ्यांनी पाहताना

प्रगतीचा इतिहास म्हटला की शोधांची यादी डोळ्यांपुढे येते : चाक, छापखाना, वाफेचे इंजिन, लस, वीज. शाळेत ती आपण पाठ केलेली असते. त्या शोधांआधी लोक काय मानत होते, ते मानणे सोडायला किती वर्षे गेली आणि सोडा म्हणणाऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र त्या यादीत नसते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या एक गोष्ट ध्यानात आली. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर ज्या विभागात बाळंतपणे करत तिथे बाळंतज्वराने जास्त बायका दगावत. सुइणींच्या विभागात त्या मानाने फार कमी. त्याने सर्वांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याचे म्हणणे वैद्यकात रुजायला त्याचे आयुष्य पुरले नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. हात धुवायला मोठे यंत्र लागत नव्हते, फारसा पैसाही लागत नव्हता. मरण आपल्याच हातांनी येत असेल, एवढे कबूल करण्याची तयारी लागत होती, आणि ती थोड्यांचीच होती.

ही तयारी हाच या संग्रहाचा विषय आहे. स्वतंत्र विचार ही थोरांना जन्मतः मिळालेली देणगी, असे समजून आपण त्यांचे पुतळे उभारतो, जयंत्या करतो आणि मोकळे होतो. या पुस्तकातले लेखक तसे मानत नाहीत. मीही मानत नाही. जवळून पाहायचे, दिसले ते लिहून ठेवायचे, सांगितलेल्या कारणाशी ते जुळत नसेल तर ते कारण बाजूला सारायचे आणि हे सगळे चारचौघांत बोलून दाखवायचे, असा तो सराव आहे. सराव शिकवता येतो. तो कुणाला शिकायला मिळाला आणि कुणाला मुद्दाम मिळू दिला नाही, यावर एखादा समाज किती पुढे जाणार हे ठरते. हे माझे या प्रस्तावनेपुरते म्हणणे आहे, आणि पुढची सगळी माणसे त्याच्या कसोटीला लावून पाहिली आहेत.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाची पहिली समजूत अशी असते की हे सारे युरोपातून आले. त्यात तथ्य आहेच. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला; १७८४ साली कांटने प्रबोधन म्हणजे काय या प्रश्नाला उत्तर देताना माणसाने स्वतःची बुद्धी वापरण्याचे धाडस करावे असे मांडले; १८५९ साली मिलचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ निघाला आणि तो, तसेच स्पेन्सर, वाचून आपल्याकडची एक पिढी वाढली. पण आपल्याकडची मुळे त्याहून खोल आहेत. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने सांगितले ते हेच : परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू म्हणतात एवढ्यावर काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. चार्वाकांचे तर सगळे ग्रंथच नाहीसे झाले. त्यांचे म्हणणे आज आपल्याला कळते ते बहुतेक त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पुस्तकांतून. विचार मारायचा तर माणूसच मारावा लागतो असे नाही; त्याची पोथी उतरवून घेणारा कुणी उरला नाही तरी पुरते. या संग्रहातला एक धागा तोच आहे : विचार कुणी केला याइतकेच तो कुणी जपला याला महत्त्व आहे.

वसई तालुक्यातल्या आमच्या चांदीपहून पश्चिमेला, रेल्वेच्या पलीकडे नालासोपारा आहे. आज तिथली गर्दी पाहून खरे वाटणार नाही, पण शूर्पारक या जुन्या नावाचे हे अपरान्ताचे मोठे बंदर होते आणि तिथे अशोकाचे शिलालेख कोरले गेले होते. त्यांतल्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली सापडला, नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात. तुकडे लहान आहेत, पण हे लेख इतर ठिकाणी पूर्ण असल्यामुळे त्यांत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. आठव्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी यात्रा करत, मी राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटण्याच्या यात्रा सुरू केल्या. नवव्यात तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. त्यापेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम, गुरुजनांचा आदर, हे खरे मंगल. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या दगडावर हे कोरलेले होते. त्याच लेखात निरर्थक विधींचा दोष बायकांच्या माथी मारलेला आहे, हेही सांगायला हवे. रूढी तपासणारा राजासुद्धा आपल्या काळाची एक रूढी तपासायची विसरला. अशा जागा या पुस्तकात झाकलेल्या नाहीत, आणि ते मला योग्य वाटते.

मधल्या शतकांवरून मी भरभर जातो, कारण त्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठीत बोलून स्त्रियांना शिष्य केले आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त ते बोलणे राहिले. नामदेवांच्या भोवती जनाबाई आणि चोखामेळा उभे राहिले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. भक्तीच्या अंगणात सगळ्यांना जागा मिळाली, गावाच्या पाणवठ्यावर मात्र मिळाली नाही. ही टीका बाबासाहेब आंबेडकरांनी केली आणि संतांवर प्रेम करणाऱ्यालाही ती टाळता येत नाही.

अर्वाचीन काळाचा नकाशा समजायला कालक्रम पाठ करण्यापेक्षा एकच साल हाती घ्यावे, असे मी सुचवीन. ते साल १८८२.

त्या वर्षी सोपाऱ्यात लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडाकडे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नीट पाहिले. कोट नव्हताच तो; तो स्तूप होता. त्यांनी तो खणला आणि आतून दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती धातूच्या आठ बुद्धमूर्ती निघाल्या. भगवानलाल मूळचे जुनागढचे, विद्यापीठाची पदवी नसलेले. गिरनारच्या शिलालेखाची लिपी त्यांनी तरुणपणी स्वतः बसून लावली आणि मग भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर पायी हिंडून लेखांचे ठसे घेतले. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. गावाने दिलेले नाव आणि टेकाडाचा आकार यांत त्यांनी आकारावर विश्वास ठेवला, एवढीच गोष्ट. पण त्या टेकाडावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली होती.

त्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक कोल्हापूर प्रकरणात मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. एकाच कोठडीत बसून वाद घालणाऱ्या या दोन मित्रांच्या वाटा काही वर्षांत वेगळ्या झाल्या. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. वय चाळीस व्हायच्या आत ते गेले. त्याआधी लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली होती.

त्याच वर्षी महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि खर्ची पडते ती वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी रोखठोक मांडले. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल या सरकारी विश्वासाला त्यांनी साधा प्रश्न केला : आजवर किती झिरपली? बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

आणि त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ निघाले. बुलढाण्याच्या या बाईंना लिहायला कारण झाले सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्याचे. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही काय, असे एकेक दोष घेऊन त्यांनी विचारले. अशोकाच्या लेखातली ती विसरलेली जागा इथे भरून निघते. पुस्तकाची फार दखल घेतली गेली नाही. फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यानंतर बराच काळ शांतता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले नसते तर आज किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला तोही १८८२ सालीच.

एका वर्षाच्या या पटात पुढच्या दीडशे वर्षांच्या तीन धारा दिसतात. आगरकरांची धारा तर्काची : विवेकाला पटेल ते घ्यावे, विचारकलह हे समाज जिवंत असल्याचे लक्षण मानावे. र. धों. कर्वे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, नरहर कुरुंदकर, नरेंद्र दाभोलकर ही तिच्यातली पुढची नावे. फुले आणि ताराबाईंची धारा अनुभवाची : ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला ओझ्याबद्दल जे कळते ते वाचून कळत नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे या धारेच्या उगमाशी आहे, महाडचे तळे, आणि १९३६ साली लाहोरच्या मंडळाने अध्यक्षीय भाषण बदलायला सांगितल्यावर ते न बदलता स्वतः छापणारे आंबेडकर हे तिचे सर्वांत मोठे पात्र. आंबेडकरांमध्ये दोन्ही धारा मिळाल्या, म्हणून त्यांचा पल्ला एवढा.

तिसरी धारा प्रयोगाची, भगवानलालांच्या टेकाडापाशी सुरू होणारी. तिच्याबद्दल आपण सगळ्यांत कमी बोलतो, म्हणून मी तिथे जरा थांबतो. शिवाय ती आमच्या पालघर जिल्ह्यात फार ठळक आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि शहरातली माँटेसरी पद्धत त्यांना पूर्ण अवगत होती. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य आणि त्यानंतर शिक्षणाला वाहिलेले सारे आयुष्य. बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांच्यापुढे प्रश्न आला तो असा : शाळा उघडी आहे, आदिवासी पाड्यावरचे मूल येत नाही. तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी होते की या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. या दोघींनी पाड्यावर जाऊन मूल दिवसभर काय करते ते पाहिले. लहान पोर अंगणात एकटे असते, कारण आईबाप कामावर. थोरली बहीण कडेवर भावंड घेऊन फिरते. मोठा मुलगा गुरांमागे रानात.

मग त्यांनी शाळाच उचलली. लहानांची बालवाडी पाड्याच्या अंगणात भरू लागली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली आहेत, बाई पिशवी घेऊन तिथे पोचलेल्या. भावंड सांभाळणारीला शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. माँटेसरीची महागडी साधने परवडणार नव्हती. खडे, बिया, शिंपले, बांबूचे तुकडे यांवर मोजणी आणि आकार शिकवले. दिवसाचा पहिला पाठ पुष्कळदा आंघोळ, नखे आणि केस विंचरणे हाच असे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज गावोगावच्या त्या खोलीत पोषण आहार शिजतो, मुलांची वजने होतात. तिची मुळे डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीपर्यंत जातात, हे इथल्याच किती मुलांना आपण सांगतो?

त्याच १९४५ साली त्याच भागात, तलासरीजवळ झरीला वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करत होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो वारली त्याचा लग्नगडी होई. नवराबायको दोघेही कर्जापायी राबत आणि कर्ज फिटत नसे. वेठ हा तर धनीलोकांचा हक्कच समजला जाई. ही देवाने घातलेली घडी नाही, माणसाने घातलेली आहे आणि माणसाला ती मोडता येते, हा विचार त्या सभेत हजारोंनी केला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाचे नावच ते सांगते. त्या लढ्यात गोळीबार झाला, माणसे मेली. पण वेठ मोडली ती मोडली.

कोसबाडपासून निघालेला धागा आमच्या वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात येऊन पोचतो. उसगावला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद सुरू केली. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली असतानाही इथल्या गावांत ती चालू होती, आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली ती या वेठबिगारांच्या मुक्तीतून. नंतर त्यांच्या लक्षात आले की दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. भट्टीवर मजूर ज्या खोपटात राहतो त्याला भोंगा म्हणतात. शाळा तिथे नेली, तिचे नाव भोंगाशाळा. शिक्षणाची गोडी नाही हे तेच जुने उत्तर इथेही कानावर येतच होते, आणि इथेही कुणीतरी जाऊन मूल कुठे आहे ते पाहिले. चांदीप परिसरातल्या शिक्षकांनी या संग्रहातला भोंगाशाळेवरचा लेख आधी वाचावा असे मी आग्रहाने सांगेन.

प्रयोगाची धारा शेतातही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीडेक एकर. १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाण्यावर पिवळसर झाक असलेल्या. असे वेगळे रोप प्रत्येकाच्या शेतात कधी ना कधी दिसते आणि कापणीत सगळ्यांबरोबर जाते. दादाजींनी त्या लोंब्या निराळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात छोट्याशा तुकड्यात पेरल्या, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी कुंपण केले आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. दाणा बारीक, उतारा चांगला, भात चवीला उत्तम. बाजारात नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून ‘एचएमटी’ म्हटले गेले. १९९८ साली कृषी विद्यापीठाने याच वाणाचे शुद्धीकरण करून त्याला आपल्या नावाने बाजारात आणले, आणि श्रेय कुणाचे हा वाद बराच काळ चालला. दादाजी २०१८ साली गेले. ज्ञान कुठे तयार होते आणि त्यावर शिक्का कुणाचा पडतो, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आहे, आणि तो मला भाताच्या वाणाइतकाच मोलाचा वाटतो.

कमला सोहोनींचीही इथे नोंद हवी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९३३ साली त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, अटींवर प्रवेश मिळवला, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. घेतली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. आमच्या किनाऱ्यावर ताडामाडाच्या झाडाखाली राहणाऱ्यांना नीरा नवी नव्हती. कुपोषित आदिवासी मुलांच्या आहारात तिचा काय उपयोग होईल, हे प्रयोगशाळेत तपासून पाहावे असे मात्र आधी फारसे कुणाला वाटले नव्हते.

वेगळा विचार करणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे सांगून सांगून गुळगुळीत झाले आहे. म्हणून किंमत कसली ते नेमके सांगतो. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ सालापासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले अंगावर घेतले, हातात पैसा उरला नाही. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला आंबेडकर उभे राहिले. तर्काची आणि अनुभवाची धारा कोर्टात एका टेबलाशी बसलेली दिसते ती इथे. दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असता पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षे झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. दीड वर्षाने कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तेही गेले. या दोन मृत्यूंचा राग मनात ठेवूनच मी हे लिहितो आहे आणि तो लपवायचे मला कारण दिसत नाही.

आता एक सावधगिरी. जे सगळे म्हणतात त्याच्या उलट म्हणणे म्हणजे स्वतंत्र विचार, असा समज हल्ली फार पसरला आहे. लसीत विष असते, डॉक्टर खोटे बोलतात, इतिहास लपवला गेला आहे, असे सांगणारा प्रत्येक जण स्वतःला एकटा शहाणा समजतो. फरक ओळखायला १८९७ सालची मुंबई पाहावी. प्लेगचे थैमान चालू होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली आणि टोचून न घेतलेल्यांशी तुलना करून आकडे ठेवले. आपले म्हणणे खोटे ठरू शकेल अशी जागा त्यांनी स्वतःच तयार केली. उलट बोलणाऱ्यांच्या बोलण्यात ती जागा नसते. सेमेलवाइस, दादाजी, अनुताई, सगळ्यांनी ती ठेवली होती : मृत्यू घटले नसते, दाणा बारीक निघाला नसता, मूल कुरणातही शिकले नसते, तर त्यांना मागे फिरावे लागले असते.

हे पुस्तक आत्ता का, असे कुणी विचारील. आमच्या जिल्ह्यापुरते उत्तर देतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या पोटातून आज बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा महामार्ग जात आहेत, वाढवणला बंदर होत आहे, वसई-विरार डोळ्यांदेखत वाढत चालले आहे. प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंचा तयार मजकूर मोबाइलवर येऊन पडतो. तो पुढे पाठवला की आपण विचार केला असे वाटते. जमिनीचा मोबदला कशावरून ठरला, पाणी कुठून येणार, खाडीतली मासळी गेल्यावर कोळीण काय विकणार, हे गावाने स्वतः मोजले नाही तर दुसरे कुणी मोजून देणार नाही. शिवाय आता प्रश्न टाकला की क्षणात निबंध लिहून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. पण प्रश्न मुलाचा स्वतःचा असला पाहिजे आणि आलेले उत्तर खरे की खोटे हे पाहायला त्याला अंगणात, शेतात, भट्टीवर जाता आले पाहिजे. घटनेने १९७६ साली वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्ती हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदवले. परीक्षेत ते कलम विचारतात. वर्गात मुलाने खरोखर शंका काढली तर तिचे काय होते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी तपासावे.

आणि विचार एकट्यानेच करायचा असतो असेही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हे दाखवून दिले. तिथे ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालतात : कायदा, जंगल, बांबू, मध, जो प्रश्न असेल त्यावर गावकरी बसून शिकतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय होतो. बहुमताने नव्हे. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत रुजवायला वर्षानुवर्षे घालवली. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आगरकर हयात असते तर विचारकलहाला असे घर मिळालेले पाहून त्यांना आनंद झाला असता, असे मला मनापासून वाटते.

या संग्रहातल्या लेखांची जात एक नाही. काही चरित्रपर आहेत, काही वाद घालणारे, एकदोन तर एकमेकांना सरळ खोडणारे आहेत. संतांच्या वाट्याला किती श्रेय द्यावे, यावर दोन लेखकांचे मुळीच पटत नाही. दादाजींच्या वाणावर विद्यापीठाचा हक्क किती, यावरही नाही. संपादकांनी हे मतभेद घासून गुळगुळीत केले नाहीत. ज्यांना एकच निष्कर्ष हवा त्यांना त्रास होईल. एक उणीव मात्र खरी आहे. वसईच्या कोळी, सामवेदी, वाडवळ समाजांत, मिठागरांवर, पूर्वेच्या पाड्यांवर वेगळा विचार करणारी माणसे झाली आहेत आणि आजही आहेत. त्यांच्यावर लिहिलेले जवळजवळ काही नाही, म्हणून इथेही नाही. ते काम पुस्तके धुंडाळून होणारे नाही. घरोघरी बसून, म्हाताऱ्यांशी बोलून, वही भरून ते करावे लागेल, आणि लवकर, कारण ज्यांना आठवते त्यांची वये झाली आहेत. या पुस्तकाच्या वाचकांपैकी कुणी त्याला हात घातला तर दुसऱ्या आवृत्तीत त्या लेखांसाठी जागा ठेवण्याचे संपादकांनी कबूल केले आहे.

चांदीप, ता. वसई, जि. पालघर